उकुलेले आणि व्याह्यांची एकच मागणी

माझ्या मुलीचं लग्न एका पिसवेमुळे मोडता मोडता राहिलं. ती पिसू मी स्वतः ऑनलाइन मागवली होती.

तीस वर्षं मी साखर कारखान्यात केमिस्ट होतो. गळीत हंगामात नुसती पळापळ. निवृत्त झालो, पण अंगातली पळापळ काही निवृत्त होईना! बसलो की पाय हलतो, उभा राहिलो की बोटं मोडतो. दोन महिन्यांत घरातल्या सगळ्या नळांचे वायसर बदलून झाले, जे गळत नव्हते त्यांचेसुद्धा. शेवटी सायली, माझी एकुलती एक मुलगी, पुण्याहून आली तेव्हा म्हणाली, "पप्पा, काहीतरी शिका. हातांना काम द्या." (हे तिनेच सांगितलं होतं, एवढं कृपया लक्षात ठेवा.)

मी उकुलेले मागवलं. गिटारचं पिल्लू वाटावं एवढंसं वाद्य, चार नायलॉनच्या तारा. माझी बायको सुनंदा हायस्कूलमध्ये मराठी शिकवायची. तिने नाव ऐकलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"काय उकुलेले?"

"म्हणजे?"

"केलेले, आणलेले, उकुलेले. हे विशेषण झालं. नाम कुठंय?"

"अगं, हेच नाम आहे!"

"मग परत पाठवा. अर्धंच आलंय."

मी परत पाठवलं नाही. मोबाइलवर बघून शिकायला लागलो. एका गोष्टीवर टिकणं माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे सोमवारी भजन, मंगळवारी लावणी, बुधवारी जमैकाचं रेगे, गुरुवारी अमेरिकेतलं ब्लूज, शुक्रवारी भावगीत. सुनंदाचं मत असं की पाचही दिवस एकच गाणं चालू असतं आणि ते काही संपत नाही.

तारा जुळवायची मात्र एक झकास युक्ती मला सापडली. चार तारांच्या सुरांवर चार शब्द म्हणायचे, म्हणजे सूर डोक्यात बसतो. परदेशात त्यासाठी एक ठरलेलं वाक्य आहे. मी त्याचा मराठीत अनुवाद केला तर तो नेमका चारच शब्दांत बसला: "माझ्या, कुत्र्याला, पिसवा, झाल्या!" आमच्याकडे कुत्रा नाही. पण सुरात आलो की गल्लीतली कुत्री उठून जायची, एवढं खरं.

अशात सायलीने लग्न ठरवलं. मुलगा रोहित, तिच्याच ऑफिसातला, मूळचा चंदगडचा. दोघांचं पक्कं होतं, फक्त रोहितच्या वडिलांचा होकार बाकी होता. त्यांना सगळे आप्पा म्हणत. काजूची बाग, दणदणीत आवाज, आणि त्यांचा 'न्हाय' एकदा निघाला की परत फिरत नाही, अशी ख्याती. रविवारी ते कोल्हापूरला आमचं घर बघायला येणार होते. सायलीने माझा हात हातात घेतला.

"पप्पा, एक दिवस गप्प बसाल? मला रोहित खरंच आवडतो हो."

मला गलबलून आलं. मी शपथ घेतली. आणि त्याच संध्याकाळी आप्पांना आमंत्रणाचा फोन करताना ती मोडली.

"जेवायलाच या, आप्पा! आणि जेवणाआधी खास तुमच्यासाठी उकुलेले ठेवलंय!"

"काय ठेवलायसा?"

"उकुलेले! उ-कु-ले-ले!"

मग आप्पा म्हणाले, "बरं. तुमच्यात जे चालतंय त्ये." मला वाटलं, किती समजूतदार माणूस!

रविवारी सुनंदाने पहाटे उठून तीन किलो मटण शिजवलं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं, सगळं. बाराच्या सुमाराला आप्पा, त्यांची थोरली बहीण अक्का आणि रोहित आले. मी आतल्या खोलीत होतो. नमस्काराला जायचं सोडून तारा जुळवत होतो, कारण घाबरलो की मला हाताला चाळा लागतो. दार उघडं होतं. बाहेर सोफ्यावर पाहुणे टेकतात न टेकतात तोच आतून माझा खणखणीत आवाज आला, "माझ्या, कुत्र्याला, पिसवा, झाल्या!"

दुसरी तार जुळेना. मी पुन्हा म्हटलं. एकूण अकरा वेळा म्हटलं.

बाहेर आलो तर अक्कांनी दोन्ही पाय सोफ्यावर घेतले होते. आप्पा मान खाजवत होते. रोहित बिचारा भिंतीकडे बघत पोटरी खाजवत होता.

"पावणं," आप्पा म्हणाले, "कुत्रं कुठं बांधलायसा?"

"कुत्रा? आमच्याकडे कुत्रा नाही!"

"मग पिसवा कुणाला झाल्यात?"

"अहो, ही बघा पिसू!" मी उकुलेले वर धरलं.

अक्का किंचाळल्या, "अगं बया, ह्यातबी हायत?"

इथे एखादा शहाणा माणूस थांबला असता. मी इतिहास सुरू केला! "हवाई बेटांच्या भाषेत उकुलेले म्हणजे उड्या मारणारी पिसू! पोर्तुगीज मुलखातल्या एका बेटावरची माणसं बोटीने हवाईला गेली, कशाला? उसाच्या मळ्यात कामाला! बरोबर त्यांची छोटी गिटार. तारांवर बोटं अशी पळायची की बघणाऱ्यांना वाटलं, पिसूच उडतेय. म्हणजे आप्पा, हे ऊसवाल्यांचं वाद्य. आपलंच म्हणायचं की!"

"आमचा काजू हाय," आप्पा म्हणाले.

मग मी वाजवलं. लावणी, पण रेगेच्या ठेक्यात. समोर तिघेही ठेक्यात खाजवत होते. मला ती दाद वाटली, म्हणून मी ब्लूजही घेतलं. सायली दारात उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

"पानं वाढलीत," सुनंदा घाईघाईने म्हणाली.

"आम्ही जेवून आलोय," आप्पा म्हणाले.

"जेवून?" सुनंदा म्हणाली. "आमंत्रण जेवणाचं होतं ना?"

"व्हय की. पण ह्येच म्हणले, तुमच्यासाठी खास उकडलेलं ठेवलंय. आम्ही म्हटलं, डायेटवालं घर दिसतंय. कोल्हापुरात येऊन उकडलेलं खायाचं म्हंजे! वाटेतच एका खानावळीत बसलो."

सुनंदाने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत तिचं सगळं व्याकरण होतं. सायली डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली, तिच्यामागे रोहित. मी उकुलेले मांडीवर घेऊन बसलो. पोरीने एकच गोष्ट मागितली होती, आणि मला तेवढंही जमलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

पाच मिनिटांनी रोहित बाहेर आला आणि आप्पांच्या कानाला लागला. आप्पांनी घसा खाकरला.

"आमची एकच मागणी हाय."

सुनंदाचा चेहरा पांढरा पडला. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच माझा पाय हलायचा थांबला.

"त्ये वाद्य आम्हाला द्यायचं. आणि आजच द्यायचं. एवढं दिलासा की लग्न पक्कं."

मी उकुलेले कपाळाला लावून त्यांच्या हवाली केलं. एवढ्यात आप्पांच्या नाकाशी रश्श्याचा वास गेला. "वाटीभर पांढरा बघू की," म्हणाले, आणि दुसऱ्यांदा पोटभर जेवले. अक्काही पाय खाली सोडून पानावर बसल्या.

लग्न थाटात झालं. मी गल्लीभर सांगत सुटलो, "व्याही असावा तर असा! हुंडा नको, मानपान नको, वाद्य मागितलं! रसिक माणूस!" दिवाळीनंतर चंदगडला गेलो तेव्हा उत्साहाने विचारलं, "आप्पा, कुठवर आलं वादन?"

"कसलं वादन? पोत्यात बांधून माळ्यावर टाकलंय. मला काय करायचंय त्ये?"

"मग मागितलंत कशाला?"

"मी कुठं मागितलं? सूनबाईनं आतनं निरोप धाडला, 'आप्पा, तेवढं मागून घ्या, न्हायतर मला लग्न करून येता येणार न्हाय.'"

मी सुट्टीला आलेल्या सायलीकडे बघितलं. ती हसू दाबत म्हणाली, "आईला एकटीला त्याच्याबरोबर सोडून कशी येणार होते मी, पप्पा?"

मी ते मनाला लावून घेतलं नाही. हात मात्र स्वस्थ बसेनात, म्हणून गेल्या आठवड्यात बाजाची पेटी घेतली. सुनंदाने ती बघितली, चष्मा कपाळावर चढवला आणि शांतपणे विचारलं, "आता ही मागून न्यायला दुसरी मुलगी कुठून आणायची?"