डावीकडच्या माणसासाठी

“मास्तर माझ्यापेक्षा बरा माणूस आहे, फक्त मत चुकीच्या माणसाला देतो,” असं काचवाले काका एकदा म्हणाले होते, आणि तेही मास्तरांच्या तोंडावर. मास्तर हसले. “काका, यातलं पहिलं अर्धं माझ्या बायकोला ऐकवा,” म्हणाले.

तेव्हा असं बोलता येत होतं. काका सत्तेतल्या पक्षाचे जुने कार्यकर्ते, शाळेतले मास्तर विरोधी पक्षाचे. रविवारची उपासना सुटली की प्रार्थनाघराच्या फाटकाशी दोघांची जुंपायची. पाळक मधे पडायचे ते एवढंच सांगायला, “भांडा, पण फाटक अडवू नका.”

आत मात्र दोघे एका बाकावर. आमच्या मंडळीची एक पद्धत आहे. उपासनेच्या शेवटी ज्याने त्याने आपल्या डाव्या हाताला बसलेल्या माणसासाठी मोठ्याने प्रार्थना करायची. काकांच्या डावीकडे वर्षानुवर्षं मास्तर. त्यामुळे मास्तरांची गुडघेदुखी, त्यांच्या बायकोचा दमा, मुलीची हुकलेली नोकरी, सगळं काकांना तोंडपाठ. देवापुढे मास्तरांची वकिली करणारा हा माणूस बाहेर येऊन त्यांच्या पक्षाची सालटी काढायचा, आणि यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.

मग ती निवडणूक आली. लोक बोलता बोलता मधेच थांबू लागले. कोण ऐकतंय, हे आधी पाहू लागले.

काकांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतींना टेकून उभ्या केलेल्या काचा, मधे जाड कापड अंथरलेलं टेबल, त्यावर हिरकणी, काटकोन बघायचा गुण्या आणि काच चौकटीत पक्की करायच्या लांबीचा डबा. काच कापायची तर हिरकणीने एकच रेघ ओढायची, मग श्वास रोखून कडेवर दाब द्यायचा. त्या दिवसांत काकांची रेघ वाकडी जाऊ लागली. बाहेर एखादी मोटारसायकल हळू झाली तरी त्यांचा हात थांबे. दुसऱ्या कुठल्या दुकानावर दगड पडला तर एखादी फळी मोडेल. इथे तो एक दगड कुठवर जाईल, याचा हिशेब लागत नव्हता.

“अहो, तुमच्या वडिलांना दुसरा धंदा मिळाला नाही का?” काकू म्हणायच्या. “लोहाराच्या घरात पडले असते तर सुखाने झोपले तरी असते.”

एका संध्याकाळी काकूंचा धाकटा भाऊ दुकानात आला. काकांच्याच पक्षाच्या कचेरीचा सगळा कारभार तोच बघायचा. हाताला रुमाल गुंडाळलेला, रुमाल लाल झालेला.

“दाजी, जरा बघा. काच घुसलीय.”

“कसली?”

“बाटली फुटली हातात.”

काकांनी चिमट्याने तुकडा ओढून काढला आणि दिव्यासमोर धरला. बाटलीच्या काचेला गोलावा असतो. हा तुकडा सपाट होता आणि त्याच्या एका अंगावर बारीक उभ्या रेघा होत्या. तसली काच काकांनी एकाच घरात बसवली होती. मास्तरांची बायको झोपते, त्या खोलीच्या खिडकीला.

“बाटल्या जपून धराव्यात,” काका म्हणाले, आणि त्यांनी पट्टी बांधून दिली.

सकाळी गावभर झालं. मास्तरांच्या खिडकीवर कुणीतरी दगड घातला, मग काठीने उरलेलं तावदान पाडलं, आत हात घालून पडदा ओढून नेला. मास्तरांनी खिडकीला पुठ्ठा ठोकला. वारा तरीही आत शिरे, आणि बाईंचा दमा बळावला. काका आठवडाभर त्या गल्लीत फिरकले नाहीत. जेवताना काकूंनी विचारलं, “तुम्हाला काही माहीत आहे का?” त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते काकूंना कळलं नाही.

रविवारी मास्तर नेहमीच्या जागी बसले होते. काका बराच वेळ दारात घुटमळले. मागचे बाक रिकामे होते. शेवटी ते पुढे गेले आणि मास्तरांच्या उजवीकडे बसले. मेहुणा दोन बाक मागे होता, हात खिशात घालून.

प्रार्थनेची वेळ आली. काकांनी डोळे मिटले.

“बापा, मास्तरांच्या गुडघ्याला आराम दे. त्यांच्या घरच्यांना नीट श्वास घेऊ दे. त्या खोलीत फार वारा येतो.” ते थांबले. “ते तावदान आमच्या पक्षाच्या माणसांनी फोडलं. मला ठाऊक आहे. तुकडा मीच काढला. माझं तोंड उघडलं नाही.”

डोळे मिटले की देवाखेरीज कुणी ऐकत नाही, अशी आम्हा लोकांची समजूत झालेली असते. काकांचीही तीच चूक झाली. डोळे उघडले तेव्हा सगळं प्रार्थनाघर त्यांच्याकडे बघत होतं. आमेन कुणी म्हणेना. मग डावीकडून मास्तरांचा घोगरा आवाज आला, “आमेन.”

दुपारपर्यंत ती प्रार्थना रस्त्यावर आली. विरोधी पक्षाने ती छापून भिंतींवर लावायचं ठरवलं, तेव्हा मास्तर त्यांच्या बैठकीत उभे राहिले.

“खिडकी माझी आहे. प्रार्थना माझ्यासाठी केलेली आहे. तिची पत्रकं निघणार नाहीत.”

“मास्तर, फुकट हातात आलेली निवडणूक घालवताय!”

“घालवतोय,” मास्तर म्हणाले. त्या दिवसापासून त्यांचेच लोक त्यांना काकांचं तावदान म्हणू लागले.

काकांना त्यांच्या पक्षाच्या कचेरीत बोलावणं आलं. टेबलावर माईक मांडला होता आणि बाहेर बातमीदार थांबले होते. मेहुण्याने दार लोटून घेतलं.

“दाजी, दोनच वाक्यं बोलायचीत. मास्तरांनी सहानुभूतीसाठी स्वतःच काच फोडली. आणि प्रार्थनेत तुमचा तोल गेला.”

“आणि नाही बोललो तर?”

“तर तुमच्या दुकानाची जबाबदारी आमच्यावर राहणार नाही.”

“आजवर होती का?”

कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलं. मेहुण्याने तिकडे रोखून पाहिलं.

“चेष्टा पुरे. ताईचा तरी विचार करा. दुकानामागेच राहता तुम्ही. उद्या काही झालं तर अनवाणी कुठून कुठे पळेल ती?”

काकांच्या कपाळावर घाम आला. तो त्यांनी बाहीने पुसला, तरी परत आला. त्यांना खुर्चीवर बसवलं, बातमीदारांना आत घेतलं, माईक तोंडाशी ओढला. दिवे लागले. काकांचे ओठ हलले, माईकमधून नुसता श्वास ऐकू आला. लोक थांबले. कुणीतरी खोकलं.

“बोला दाजी,” मेहुणा हसऱ्या तोंडाने म्हणाला. “मास्तरांनी स्वतःच...”

काका उठले. मग खुर्ची आत सरकवून दाराकडे चालू लागले.

“दाजी!”

दारात उभ्या असलेल्या पक्षाच्या दोघा माणसांनी वाट सोडली नाही. काकांनी अंग तिरकं केलं आणि त्या दोघांच्या मधून ते बाहेर पडले.