बारीक अक्षरांखालची रेघ

जालना रोडवरच्या शोरूममध्ये गाडी सर्व्हिसिंगला नेली की काउंटरवरचा तोच पोरगा समोर येतो. तीन वर्षं झाली, पण त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. बोलताना पेनाचं टोपण सारखं काढतो, लावतो. "लई जपून ठेवली गाडी, साहेब," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

परवा मात्र नवे मॅनेजर काउंटरच्या टोकाला उभे राहून त्याचा शब्दन् शब्द ऐकत होते. वाढीव वॉरंटी प्रत्येकाला खपवायचीच, असा त्यांचा हुकूम होता. त्यानं फॉर्म माझ्यापुढं ठेवला आणि मोठ्यानं सुरू झाला, "घेऊनच टाका साहेब. दोन वर्षं काहीबी होऊ द्या, तुम्हाला टेन्शनच नाय!"

तोंड असं चालू होतं आणि पेन भलतीकडंच. काय काय वॉरंटीत बसत नाही, ते खाली बारीक अक्षरांत छापलं होतं. त्यातल्या तीन शब्दांखाली त्यानं रेघ ओढली: क्लच, ब्रेक, सस्पेन्शन. मी रोज खड्ड्यांच्या रस्त्यानं पैठणला जातो. माझ्या गाडीचं जे जातं ते यातलंच, हे त्याला पाठ होतं.

"नको, राहू द्या," मी म्हणालो.

"का हो? बघू फॉर्म," म्हणत मॅनेजरांनी हात पुढं केला.

तो माझ्याकडं बघेना. मी फॉर्मची घडी करून खिशात घातली. "बायकोला दाखवतो, मग सांगतो."

"व्हय, विचारून घ्या," तो म्हणाला. टोपण लावायला गेला, तर तीनदा हुकलं.