शेठची सहा हजारांची क्लचप्लेट

अक्षर वेडंवाकडं आहे, काना-मात्राही चुकतील. माफ करा. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. तोंडानं जे बोलता येत नाही, ते लिहून ठेवते.

कनेरगाव नाक्यावरचा ढाबा. शेठ, शेठाणी आणि त्यांचे दोन पाहुणे आत बाजेवर जेवायला बसले. माझं ताट शेठाणीनं गाडीच्या खिडकीतून आत दिलं.

"घरच्यावानी पोटभर खाय. पण गाडीतच खाय."

गाडी माझी होती. तिच्यात बसून मला त्यांचं उष्टं-खरकटं काढणाऱ्या बाईसारखं जेवायचं होतं. मी बंजाऱ्यांच्या तांड्यावरची, हे त्यांना माहीत होतं. बोलत कुणी नव्हतं.

आतून शेठचा आवाज आला. "पाव्हणं, ही बाई महिन्याला पंधरा हजार कमवून राहिली. नुसतं बाजूला बसून!"

"मग आमालाबी बसवा की तिच्या बाजूला!" एक पाहुणा म्हणाला.

सगळे हसले. शेठाणीसुद्धा.

ज्या बायकांकडं लायसन आहे पण हात बसलेला नाही, त्यांचा मी हात बसवून देते. गाडी जुनी, माझ्या पायाखाली जादा ब्रेक बसवलेला. पंधरा दिवसांचे तीन हजार घेते. त्यातले निम्मे पेट्रोलला जातात, कारण शिकणारी बाई पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही. विमा, टायर, ऑइल, गॅरेजवाला यांच्यासाठी बाजूला काढले की पाचशे-सहाशे उरतात. महिन्याला बाया दोन. पेरणीत एकही नाही. शेठचे पंधरा हजार कुठून आले, देव जाणे.

शेठाणीही माझ्याकडं शिकायला आली होती. क्लचवरचा पाय काढतच नसे. कितीदा सांगितलं, "वहिनी, पाय खाली ठेवा." तिला वाटायचं, पाय काढला की गाडी पळेल. प्लेट जळाली. गाडी बंद म्हणजे माझी चूल बंद. शेठनं लगेच सहा हजार काढून दिले. "दे सवडीनं. तू काय परकी हाय का?"

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. प्लेट जाळली त्यांच्या बायकोनं आणि कर्ज झालं माझ्यावर. मग आज बाजारला सोड, उद्या लग्नाला ने. पेट्रोल माझं. फेरीचे पैसे कापा म्हटलं की शेठ म्हणत, "घरच्या माणसाचा काय हिशोब?" सहा हजार जागचे हलत नव्हते.

त्या दिवशी ढाब्यावर ताट घेऊन मी गाडीतून खाली उतरले. ते त्यांच्या बाजेवर ठेवलं. मी चार माणसांत कधी बोलत नाही. त्या वेळी बोलले.

"शेठ, नाक्यावरून हिंगोलीला एसटी मिळते. माझी गाडी शिकवायसाठी हाय. तुमच्या फेऱ्या बंद."

"सहा हजार दाबून बसली अन् वर तोंड करून बोलते व्हय?"

"सहा हजार देते. फेऱ्या न्हाई."

गाडी काढली. आरशात पाहिलं नाही.

घरी नवरा घाबरला. "मोठी मान्सं हायेत. काहून नादी लागली?" तेव्हापासून नवी बाई आली की आधी पैसे घेते. क्लचप्लेट जळाली तर खर्च तिचा, हे पहिल्याच दिवशी सांगते. काही बाया परत जातात. जाऊ देत.

शेठच्या अडत दुकानात जमेल तसे पैसे नेऊन देत राहिले. कधी पाचशे, कधी दोनशे. परवा शेवटचे पाचशे नेले. शेठ हळदीच्या पोत्याला टेकून बसले होते. गोड हसले.

"राहू दे पाचशे. सुनेला शिकव थोडं, झालं मग."

पाचशेची ती दोरी मला दिसली. उद्या सून, परवा सुनेचं माहेर, मग पुन्हा ढाब्याची खिडकी.

"सुनेचे तीन हजार पडतील. आधी."

शेठचं हसू गेलं. त्यांनी हात पुढं केला नाही. मी नोट त्यांच्या मांडीवर ठेवली आणि दुकानातल्या हमालांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सहा हजार पुरे फिटले."

शेठ "व्हय" म्हणेपर्यंत मी तिथून हलले नाही.