मक्याची एक मूठ

आमच्या युनियनच्या घराची किल्ली एतेल्विनाकडे असते. ती तिला कोणी दिली, कधी दिली, हे कुणालाच सांगता येत नाही. मी इथे वीस वर्षं टेबल सांभाळतोय, तेवढ्या काळात पाच सरचिटणीस बदलले, पण तिच्याकडून किल्ली मागून घ्यायची एकाचीही छाती झाली नाही. सकाळी नऊला ती दार उघडते, खिडक्या उघडते, कॉफी चढवते आणि दाराजवळच्या खुर्चीत बसते. आत येणाऱ्या प्रत्येकाचं तोंड नीट बघून घेते, आणि मग पुन्हा रस्त्याकडे बघत बसते.

हे घर माझ्या आजोबांच्या पिढीनं बांधलं. आठवडाभर कोळसा खणायचा आणि रविवारी इथे विटा वाहायच्या. यादवी युद्ध संपलं तसं हुकूमशहाच्या लोकांनी ते आमच्याकडून हिसकावून घेतलं, आणि मग त्यात सरकारी युनियन येऊन बसली. तिच्यात मालक आणि मजूर एकाच टेबलाला बसायचे, जेवायचा मात्र मालकच. आमची खरी युनियन तेव्हा कुणाच्या तरी गोठ्यात, नाहीतर जंगलात चेस्टनट वेचायच्या निमित्तानं भरायची. हुकूमशहा मेला, काही वर्षांनी घर परत मिळालं, गळक्या छपरासकट.

आणि आता इथे काय चालतं? मंगळवारी पेन्शनचे कागद. बुधवारी म्हाताऱ्यांना मोबाईल शिकवायचा वर्ग. सप्टेंबरात समुद्रावरची सहल, तिची यादी आम्ही जुन्या लाल झेंड्यावरच टाचणीनं लावतो, कारण भिंतीला दुसरीकडे ओल आहे. खाण बंद झाली, शेवटचे लोक पन्नाशीच्या आत निवृत्त होऊन घरी बसले, तेही आम्हीच भांडून मिळवून दिलं. चांगलंच झालं, नाही कसं म्हणू? माझी स्वतःची तीन बोटं त्या खाणीत राहिली आहेत, मला ती प्रिय असायचं कारण नाही. तरी दुपारी हॉल रिकामा असला की त्या दाटीची, त्या घामाच्या आणि तंबाखूच्या वासाची इतकी आठवण येते की मी उगाच खुर्च्या मांडतो आणि परत उचलतो.

एतेल्विना मला हसते. "फर्मिन, कुणाची सभा बोलावलीस? भुतांची?"

"तू आहेस ना एक," मी म्हणतो.

ती कुणाची वाट बघते, हे खोऱ्यात मला एकट्यालाच माहीत होतं. तिनंच सांगितलं होतं, एका मंगळवारी, छापायचं यंत्र बंद पडलं होतं तेव्हा.

बासष्ट सालच्या वसंतातला मोठा संप. संप करणं तेव्हा गुन्हा होता, संप हा शब्द छापणंसुद्धा. हजारो माणसं नुसती घरी बसली, कुणी घोषणा दिली नाही, पत्रक काढलं नाही. पुरुष चार जण एकत्र दिसले तरी सरकारचे बंदूकधारी गार्ड उचलून न्यायचे. म्हणून पुढे झाल्या बाया. पहाटे उजाडता उजाडता त्या खाणीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना उभ्या राहायच्या, ओढणी कपाळापर्यंत ओढलेली, अॅप्रनच्या खिशात कोंबड्यांसाठी ठेवलेला मका. संपफोड्या दिसला की त्याच्या पायाशी मूठभर मका टाकायचा आणि कोंबड्यांना घालतात तशी साद घालायची. टिप बाबा, दाणे टिप, तू भित्री कोंबडी. एवढंच. त्यात नियम एकच होता. मका पायाशी टाकायचा, अंगावर नाही. अंगावर फेकला तर ती मारामारी झाली, मग गार्डना हात टाकायला कारण मिळतं. पायाशी पडला तर तो नुसता सांडलेला मका. त्या मक्याला घाबरून कितीतरी माणसं अर्ध्या वाटेतून घरी परतली. बंदुकीला न घाबरणारी माणसं होती ती.

एतेल्विना तेव्हा वीस वर्षांची. खाणीवरच कोळसा धुवायच्या कारखान्यात पट्ट्यावरून दगड निवडायची. सेल्सो नावाच्या खाणकामगाराशी तिचं लग्न ठरलं होतं, सप्टेंबरातलं. पलंगपोसही विणून झाला होता.

संपाच्या तिसऱ्या आठवड्यात, एका पहाटे, गार्डच्या मागोमाग चार माणसं खाली मान घालून वाटेनं आली. त्यातला तिसरा सेल्सो.

"बाकीच्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या," ती मला म्हणाली होती. "कुणी काही बोललं नाही. मी नुसती उभी राहिले असते ना, तरी कुणी काही म्हणालं नसतं. सगळ्यांना कळत होतं. पण मला इतका राग आला, इतकी लाज वाटली, की मी मूठ भरली आणि त्याच्या तोंडावर फेकली. पायाशी नाही, तोंडावर. सगळ्या जोरानं."

सेल्सो थांबला नाही, मान वर केली नाही. सात दिवस तो रोज खाली उतरला. त्यानंतर एकदा तो तिच्या दारात आला, तेव्हा तिच्या बापानं ती घरी नाही म्हणून सांगितलं. ती जिन्यावर उभी होती. संप जिंकला, पगार वाढले, आणि जूनमध्ये सेल्सो बेल्जियमला, तिथल्या खाणीत निघून गेला.

पुढे पंधरा वर्षांनी, युनियन पुन्हा कायदेशीर झाली तेव्हा, गावच्या थिएटरात पहिली उघडी सभा भरली. लोक खिडक्यांत बसले होते. संपाच्या गुप्त समितीतला म्हातारा अवेलिनो स्टेजवर चढला आणि म्हणाला, "एक हिशेब इतकी वर्षं माझ्या छातीवर बसलाय. संपात खाणीतले पाण्याचे पंप बंद ठेवले असते तर खाण बुडाली असती, मग जिंकून जाणार कुठे होतो आपण? म्हणून चार जणांना पंप चालवायला आम्ही, समितीनं, पाठवलं. तोंड उघडायचं नाही असं बजावून. कोणी पाठवलं हे कळलं असतं तर आम्ही सगळे तुरुंगात गेलो असतो. या गावानं त्यांना संपफोडे म्हटलं, आणि त्यांनी ऐकून घेतलं." आणि त्यानं चार नावं वाचली. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. तिसरं नाव ऐकलं आणि एतेल्विना उठून बाहेर गेली.

तिनं सेल्सोच्या भावाकडे चौकशी केली. सेल्सोनं तिकडे लग्न केलं होतं, दोन मुली होत्या. पत्र लिहून तिनं फाडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. "नांदत्या घरात मी कशाला मूठभर मका घेऊन जाऊ?" असं म्हणाली मला. पण तिनं एक गोष्ट हेरून ठेवली होती. खाणीत राबलेला माणूस जगाच्या पाठीवर कुठेही गेला, तरी म्हातारपणी त्याला कागद लागतो. किती वर्षं खाली होता, किती धूळ खाल्ली, याचा दाखला. आणि खाण बंद पडल्यापासून तिची जुनी हजेरीपुस्तकं आमच्या कपाटात आहेत. तो कागद इथेच मिळतो, माझ्या टेबलावर.

तेवढ्यासाठी ती दाराजवळ बसायची. तिला त्याच्याकडून काही नको होतं. एकच वाक्य बोलायचं होतं, तेही तिनं मला शंभरदा म्हणून दाखवलं होतं: "सेल्सो, तोंडावर मका फेकणारी मी होते, मला माफ कर." मी चिडायचो. "बाई, दुसरं काहीतरी कर. सहलीला जा." ती म्हणायची, "मी समुद्राला गेले आणि तो नेमका आला तर?"

तो आला ऑक्टोबरात, मंगळवारी, अकराच्या सुमाराला. बेल्जियमच्या नंबराची गाडी दारात थांबली, चालवणारी मुलगी आतच बसून राहिली. उंच, वाळलेला म्हातारा पायऱ्या चढला, तीनच पायऱ्या, आणि दाराला धरून श्वास गोळा करत उभा राहिला. एतेल्विनानं त्याचं तोंड बघितलं. मग ती उठली आणि तिनं आपली खुर्ची त्याच्यापुढे सरकवली.

"बसा हो," मी म्हणालो. "सिलिकोसिस? फुप्फुसात धूळ?"

"दुसरं काय असणार?" तो धापा टाकत हसला. "तिकडचे डॉक्टर म्हणतात, आमच्या खाणीतली धूळ किती आणि तुमच्या खाणीतली किती, ते सांगा. जसं काही मी वेगवेगळ्या खिशांत ठेवली होती."

नाव सांगितलं. मी हजेरीपुस्तक काढलं आणि अठ्ठावन्नपासून दिवस मांडत गेलो. बासष्टच्या मे महिन्यापाशी आलो. सगळ्यांच्या नावापुढे गैरहजर, गैरहजर. त्याच्यापुढे सात दिवस हजर.

"ते सात नको धरूस," तो म्हणाला. त्याची भाषा अजून आमच्या खोऱ्याचीच होती, जरा जुनी झालेली. "त्याच्यापुढे लिही, संपावर."

"पण तुम्ही खाली होतात. पुस्तकात हजेरी आहे. दाखल्याला हे सात दिवस तुमच्याच कामाला येतील."

"पोरा, मी खाली होतो, पण मी संपावर होतो. लिही."

फॉर्मला तसा रकाना नाही. मी हातानं लिहिलं: हे सात दिवस संपावर, समितीच्या आदेशानं. खाली युनियनचा शिक्का मारला, जोरात. इतकी वर्षं तो शिक्का मी सहलीच्या पावत्यांवरच मारत आलो होतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की तो आजोबांच्या हातचा आहे.

एतेल्विना कॉफी घेऊन आली. कप ठेवताना तिचा चेहरा त्याच्यासमोर आला. त्यानं बघितलं, आणि बराच वेळ बघतच राहिला.

"एतेल्विना."

"सेल्सो."

"म्हातारी झालीस की."

"आणि तू काय नवरदेव दिसतोयस?"

दोघंही हसले. त्याला हसताना खोकला आला, तिनं पाणी दिलं. मी उठून बाहेर जायला हवं होतं, पण मी गेलो नाही. तिनं पदराला बांधून ठेवलेलं ते वाक्य आता बाहेर पडणार होतं, आणि ते ऐकायचा माझाही थोडा हक्क आहे असं मला वाटलं.

"सेल्सो," तिनं सुरुवात केली, "तुला एक सांगायचंय—"

"थांब, आधी मला विचारू दे," तो म्हणाला. "परत धाप लागली तर राहून जाईल. तेवढ्यासाठी मी इथवर आलो. कागद काय, टपालानंही आला असता." त्यानं कप दोन्ही हातांत धरला. "त्या पहिल्या दिवशी कुणीतरी मका माझ्या तोंडावर फेकला. मी मान वर केली नाही. का, माहीत आहे? त्या रांगेत तू असशील याची भीती होती. बघितलं असतं आणि तू दिसली असतीस, तर मी तिथेच सगळं बोलून टाकलं असतं, समिती, नावं, सगळं. म्हणून डोळे मिटून चाललो. पुढे तुझ्या बापानं दार लावलं, ते मी समजू शकलो, तो बाप होता. पण तिकडे खाली उतरताना रोज मी स्वतःला सांगायचो, ती नव्हती. ती रांगेत असणारच नाही. बेचाळीस वर्षं त्यावर काढली. आता फार दिवस राहिले नाहीत माझे, म्हणून खरं काय ते विचारतो. तू होतीस का?"

मी एतेल्विनाकडे बघितलं नाही. टेबलावरच्या शिक्क्याकडे बघत राहिलो. खिडकीबाहेर त्याच्या मुलीनं गाडीचा रेडिओ लावला होता, फ्रेंच गाणं चालू होतं.

"मी?" एतेल्विना म्हणाली. "अरे, त्या दिवशी आमच्याकडे पाव भाजायचा होता. आई अंथरुणावर, भट्टीपाशी मी एकटी. मला तर संध्याकाळी कळलं, आणि मी त्या बायांशी महिनाभर बोलले नाही."

त्यानं डोळे मिटले. खांदे एवढे खाली आले की मला वाटलं, तो खुर्चीत झोपलाच. मग त्यानं तिचा हात घेतला, थोपटला आणि सोडला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "तू काय सांगणार होतीस?"

"हेच," ती म्हणाली. "पलंगपोस अजून आहे म्हणून. वापरला नाही कधी. तुझ्या मुलीला देऊ का?"

घरी जाऊन तिनं तो आणला, कागदात गुंडाळलेला. तो मांडीवर घेऊन सेल्सो गाडीत बसला. गाडी पुलाच्या वळणावर दिसेनाशी झाली तरी ती पायरीवर उभी होती. आत आली तेव्हा तिनं दाखल्याची आमच्याकडची प्रत उचलून वाचली.

"तू खरं लिहिलंस, फर्मिन."

"हो."

"म्हणजे आज इथे खोटं एकटी मीच बोलले." तिनं प्रत माझ्यापुढे ठेवली. "माझं ते खोटं फाइलला लावू नकोस."

ती खुर्ची उचलून तिनं हॉलमध्ये, बाकीच्या खुर्च्यांच्या रांगेत नेऊन ठेवली आणि तिच्यावर बसून रडली. आवाज न करता, बराच वेळ. मी तिच्या शेजारची खुर्ची ओढली. दुपारपर्यंत आम्ही दोघं त्या रिकाम्या सभेत बसून होतो.