बुडालेलं गाव रंगवताना

"भाऊ, तुमना दोस्त गया..." इंदूवहिनींचा फोन आला तेव्हा मी नंदुरबारच्या बसस्थानकावर होतो. रनाळ्याला पोचलो तर अंगणात जो तो म्हणत होता, आत्माराम मास्तर मोठा कलावंत! मला चीड आली. याच माणसांनी त्याला जिवंतपणी वेड्यात काढलं होतं.

शाळेत मी मराठी शिकवायचो, तो चित्रकला. सुरुवातीला तो होळीचं नाचगाणं, मिरच्या वाळवायच्या पथारीवर राबणाऱ्या बाया रंगवायचा. चित्रं हातोहात जायची. संध्याकाळी तो डायरी लिहायचा, लहर लागली तर वाचून दाखवायचा. 'लोकांना आवडलं. म्हणजे मी पुन्हा तेच केलं,' असं एकदा त्यात होतं. मग तो होडीनं धरणात बुडालेल्या मणिबेलीला जाऊन आला. त्या दिवशीची नोंद : 'खाली घरं, शेतं. वर नुसतं पाणी. मला पाणी काढता येतं, बुडालेलं काढता येत नाही.'

पुढची कितीतरी वर्षं तो त्यातच अडकला. आधी अख्खं गाव रंगवायचा, घरन् घर, आणि मग त्यावर राखाडी रंगाचे थर चढवत जायचा. कुठे खरवडलं, कुठे थर जड झाला, सगळं डायरीत. प्रदर्शनांतून चित्रं परत यायची. गावात लोक विचारायचे, "मास्तर, हाई चित्र शे का भिताड?" न राहवून मीही म्हणालो, "एक तरी घर दिसू दे ना भो!" तो उसळला, "दिसनं तर मंग ते बुडनं कोठे?"

आता गावानं स्मरणिका काढायचं ठरवलंय. मुखपृष्ठावर होळीचा नाच, आत डायरीतले निवडक 'सुविचार'! बैठकीत मी घसा कोरडा होईतो भांडलो. "सर, लोकांना समजेल असंच छापू," एवढंच उत्तर मिळालं. शेवटी वहिनीच उठल्या. "जे चित्र त्यासले नको व्हतं, तेच तुम्ही छापी ऱ्हायनात. डायऱ्या मी देवाव नही."

स्मरणिका डायऱ्यांवाचून निघणार आहे. मुखपृष्ठ तेच.

परवा गेलो तेव्हा वहिनी त्याच्या खोलीत खिडकीशी बसून पहिली डायरी वाचत होत्या. एका शब्दावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "भाऊ, अवकाश म्हंजे काय?"

मी सांगू लागलो, अडखळलो, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं...

"सावकाश सांगा," त्या म्हणाल्या, "आखो बऱ्याच डायऱ्या वाचान्या शेतस."