दोनशे डब्यांवरची काळी पट्टी

नागुरा मिहो दिवसा लिफ्टच्या दारांचं सॉफ्टवेअर लिहायची. दार किती सेकंद उघडं राहावं, मध्ये कुणाचा हात आला तर काय करावं, एवढंच काम. हमामात्सूच्या त्या कंपनीत तिला नऊ वर्षं झाली होती आणि तिच्या दारांबद्दल कुणाची तक्रार नव्हती. उरलेल्या वेळात तीन वर्षं खपून तिनं एक गेम बनवला होता, प्रौढांसाठीचा. सार्वजनिक स्नानगृह चालवणारी सेहेचाळीस वर्षांची फुमिए आणि तिचा बॉयलर दुरुस्त करायला येणारा पन्नाशीचा माणूस, यांची गोष्ट.

सुरुवातीला ती टोकियोतल्या एका प्रकाशकाकडे गेली. त्यानं वीस मिनिटं खेळून पाहिलं.

"लिहिलंय छान," तो म्हणाला, "पण बाईचं वय वीसनं कमी करा. सेहेचाळीसच्या बाईकडे कोण बघतंय?"

"मी बघते," मिहो म्हणाली आणि लॅपटॉप मिटून परत आली.

मग तिनं दरमहा वर्गणी घेता येते अशा एका साइटवर आपलं पान उघडलं. पहिल्या महिन्यात एकच वर्गणीदार मिळाला. त्याचं टोपणनाव 'सुका बांगडा'. महिनाअखेरीला काय बनलं आणि काय बिघडलं हे ती इमानानं लिहायची. तीन वर्षांत वर्गणीदार एकशे त्रेसष्ट झाले. आणि या वसंतात साइटनं कळवलं, की प्रौढांसाठीच्या कामाला यापुढे कार्ड चालणार नाही, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन रोख भरा. एवढी यातायात कोण करणार? आठवड्याभरात नव्वद जण गळाले. उरलेल्यांपैकी बांगड्यानं लिहिलं, "तुम्ही बनवा. ऑगस्टच्या मेळ्यात येऊन हातात घेतो." बाकीच्यांनीही तेच म्हटलं. गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाची परवानगी अजून यायची होती, आणि तिथलंही कार्ड कधी बंद पडेल याचा भरवसा नव्हता. मिहोनं दोनशे डिस्क छापून घेतल्या आणि वर्गणीदारांना शब्द दिला: आधी तुम्हाला.

स्वतः बनवलेलं विकणाऱ्या हौशी लोकांच्या त्या मेळ्यात अर्धं टेबल तिचं, अर्धं तोरिगोएंचं. साठी ओलांडलेले तोरिगोए वीस वर्षं दर उन्हाळ्यात माजाँग या सोंगट्यांच्या खेळाचाच प्रौढांसाठीचा गेम विकत. खेळ तोच, बायका नव्या. रिवाजाप्रमाणे मिहोनं सकाळी आपली एक डबाबंद डिस्क आणि हमामात्सूची खासियत असलेली ईल माशाची बिस्किटं त्यांच्यापुढे दोन्ही हातांनी धरली. "पहिलीच खेप आहे. सांभाळून घ्या."

तोरिगोएंनी डबा उलटा केला. चष्मा कपाळावर सरकवला.

"शेजारीणबाई, ही मेळ्याच्या तपासणीत अडकणार."

मागच्या बाजूला गेममधली चार छोटी चित्रं होती. गुप्तांगं धूसर चौकड्यांनी झाकायची, एक चौकडी चित्राच्या लांबीच्या शंभराव्या भागाहून लहान नको आणि चित्र कितीही छोटं असलं तरी चार पिक्सेलहून लहान नको, हा नियम इथं सगळ्यांना पाठ असतो.

"अडकेल कशी? चौकड्या मोजून टाकायला मी प्रोग्राम लिहिलाय."

"गेममध्ये बरोबर असतील हो. पण इथं चित्र बोटाएवढं झालंय, त्याबरोबर चौकड्याही राईएवढ्या झाल्यात. डोळे किलकिले करून बघा."

मिहोनं तसं करून पाहिलं. चौकड्या विरघळल्या आणि फुमिए स्वच्छ दिसली. तिचे कान तापले.

तेवढ्यात तपासणीवाली आली. बावीस-तेवीसची मुलगी, गळ्यात ओळखपत्र. तिनंही डोळे किलकिले केले. "माफ करा, हे असं विकता येणार नाही. काळं करून एक मला दाखवा."

"प्लास्टिकच्या वेष्टनावरून केलं तर?"

"वेष्टन निघालं की खाली आहे तसंच. आतल्या कागदावरच करावं लागेल."

साडेनऊ वाजले होते. साडेदहाला दारं उघडणार होती. बंद दारांबाहेर रांगेत कुठेतरी तिचे त्र्याहत्तर लोक उभे होते. आज डिस्क मिळाली नाही तर पुढचा मेळा थेट हिवाळ्यात, आणि तोवर किती जण टिकतील हे तिला चांगलं माहीत होतं.

तोरिगोएंनी खिशातून दोन जाड काळी पेनं काढली. "वीस वर्षांत मी चारदा अडकलोय. पेनांशिवाय घराबाहेर पडत नाही."

"पण तुमचं टेबल मांडायचं राहिलंय..."

"माजाँगला कसली घाई? तुम्ही फोडा, मी काळं करतो."

वेष्टन कापायचं, डबा उघडायचा, कागद काढायचा, पट्टी मारायची, फुंकर घालायची, पुन्हा बसवायचा. पहिला डबा तपासणीवालीनं पाहिला आणि मान हलवली. मग कामं वाटून न घेता दोघांनी दोन ढीग घेतले. तोरिगोएंची पट्टी सरळ, मिहोची तिरकी.

"दारं बनवता म्हणे, आणि रेघ अशी?"

"दारं कॉम्प्युटर बनवतो. रेघ मी मारतेय."

साडेदहाला घोषणा झाली आणि नेहमीप्रमाणे सगळ्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मिहोच्या हातात पेन होतं, म्हणून तिनं ते टेबलावर दोनदा आपटलं. एकसष्ट डबे तयार होते.

गर्दी आली. तोरिगोएंची गिऱ्हाइकं त्यांच्या रिकाम्या टेबलापुढे घुटमळू लागली, तेव्हा ते मान वर न करता ओरडले, "थांबा जरा, शेजारीणबाईंची फुमिए उघडी पडलीय!"

मिहो आधी वर्गणीदारांना, नावं विचारून, डिस्क देत होती. एकसष्ट संपल्यावर रांगेतले बारा जण भिंतीपाशी थांबले. कुणी गेलं नाही. त्यांच्यापुढे ती वेष्टनं फोडत राहिली. बाराव्या माणसाची टोपी घामानं भिजली होती, वय पासष्टच्या आसपास.

"नाव?"

तो लाजला. "बांगडा."

मिहो उभी राहून कमरेत वाकली. त्यानं डबा उलटा केला. अंगठ्याला काळं लागलं.

"ओलं आहे अजून," ती म्हणाली. "माझीच चूक."

"तीन वर्षं तुमच्या चुका वाचतोय," तो म्हणाला. "बॉयलर शेवटी दुरुस्त होतो का?"

"खेळून बघा."

हमामात्सूला परतल्यावर मिहोनं प्रोग्राममधल्या दोन ओळींची अदलाबदल केली: आधी चित्र लहान करायचं, मग चौकड्या टाकायच्या. नव्यानं बनवलेली चारही चित्रं तिनं ऑनलाइन दुकानाला पाठवली आणि सोमवारी सकाळी वेळेवर दारांच्या कामाला गेली.