दुपारचा पहारा

सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहिल्या दिवशी ती एकाच्या गळ्यात पडते आणि काल्याच्या कीर्तनापर्यंत एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जात राहते. ज्याच्याकडे वीणा, तो विठोबासमोर उभा राहून नाव घेतो. पुढचा माणूस आल्याशिवाय त्याला हलता येत नाही. वीणा देताना दोघं एकमेकांच्या पायांना हात लावतात. वयाने मोठा कोण, दोघांचं बोलणं आहे की नाही, हे बघत नाहीत. नारपोलीतल्या आमच्या आळीच्या देवळात हे मी लहानपणापासून पाहत आलो. त्यात काही अवघड असेल असं कधी वाटलं नव्हतं.

माझा मित्र याच आळीतला. आमची शाळा एक होती. भजनात टाळ धरायलाही आम्ही शेजारी बसूनच शिकलो. पुढे मी ठाण्याच्या एका दैनिकात वार्ताहर झालो आणि तो कशेळीच्या एका गोदामात सुपरवायझर. काही वर्षांपूर्वी त्या गोदामाला आग लागली आणि आत झोपलेले हमाल भाजले. बाहेर पडायचे सगळे रस्ते मोकळे होते, असं कंपनीचं म्हणणं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मित्र मला देवळात भेटला. आरती झाली होती, माणसं घरी गेली होती. सभामंडपात आम्ही दोघं आणि समोर विठोबा.

"मागच्या शटरला बाहेरून कुलूप असतं," तो म्हणाला. "रोजच. माल जातो म्हणून. काल पण होतं."

"हे छापू?"

"छाप ना."

"कंपनी अंगावर आली तर?"

"माझं नाव सांग. मी येतो बोलायला. अरे, माणसं शटर ठोकत होती आतून." त्याने विठोबाकडे हात केला. "याच्यासमोर सांगतोय. अजून काय पायजे तुला?"

मला दुसरा दुजोरा पाहिजे होता. तो मिळाला नाही. रुग्णालयात हमालांचा ठेकेदार खाटेशेजारी उभा होता, त्यामुळे हमाल काही बोलले नाहीत. तरी आतला माणूस नावानिशी उभा राहायला तयार आहे, या आधारावर संपादकांनी बातमी घेतली. ती पहिल्या पानावर आली. आठवड्याभरात कंपनीच्या वकिलाची नोटीस आली आणि संपादकांनी मित्राला बोलावलं.

तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. समोर ठेवलेला चहा त्याने घेतला नाही.

"हे माझे लहानपणापासूनचे मित्र आहेत," तो संपादकांना म्हणाला. मला तो आयुष्यात पहिल्यांदा 'हे' म्हणत होता. "माणूस एकदम सरळ आहे. पण कुलपाचं मी काही बोललो नव्हतो. त्यांचा गैरसमज झाला असेल."

मी त्याच्याकडे पाहत होतो. त्याचा आवाज कापला नाही. जिन्यात मी त्याला थांबवलं.

"देवळात काय म्हणाला होतास?"

"समजून घे ना यार," तो म्हणाला आणि हेल्मेट घालून उतरून गेला.

पेपरात चौकटीत खुलासा छापून आला. महिन्याअखेर मला दुसरीकडे काम बघायला सांगण्यात आलं. पुढे मित्राला त्याच कंपनीत वरची जागा मिळाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं मी सिद्ध करू शकत नाही, म्हणून तसं लिहीत नाही.

नोकरी गेल्याचं लोकांना समजत होतं. भेटले की ते हळहळत. देऊळही गेलं, हे मात्र कोणाला सांगता येत नव्हतं. मित्र दर एकादशीला भजनाला जाई आणि पुढच्या ओळीत बसून टाळ वाजवी. मी जाणं बंद केलं. घरातल्या देवांनाही हात जोडेनासा झालो.

"त्याच्यावर राग आहे ते ठीक," बायको एकदा म्हणाली. "देवानं काय केलं तुमचं?"

"देव तिथे होता."

"मग?"

"मग काही नाही. तो ऐकत होता."

ती दिव्यात तेल घालत होती. "देवानं काय ठाण्याला यायचं होतं का, तुमच्या हापिसात?" असं म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही, कारण माझी मागणी जवळपास तीच होती. त्या बोलण्याला एकच साक्षीदार होता आणि तो गप्प राहिला होता. मित्राने दगा दिला, त्याची कारणं मला मोजून सांगता आली असती: नोकरी, घराचे हप्ते, शाळेत जाणारी मुलं. देवाला यातली एकही अडचण नव्हती. त्यामुळे त्याच्याबद्दलची तक्रार जास्त मोठी होती. नाव घ्यायला गेलं की जिभेवर तेवढीच यायची.

तीन वर्षांचे सप्ताह असेच गेले. चौथ्या वर्षी आबा घरी आले. आमच्याकडे वीणेचे पहारे लावायचं, कोणी कधी उभं राहायचं ते ठरवायचं काम त्यांच्याकडे असतं. त्यांच्या घरी पेपर येत नाही आणि आळीतली भांडणं ते लक्षात ठेवत नाहीत.

"शुक्रवारी दुपारचा कोनी न्हाय," ते दारातूनच म्हणाले. "सगले जेवून आडवे व्हतान. तू घरीच असतंस ना आता?"

"असतो."

"मग झालं. आंघोल करून ये, आन् चप्पल लांब काढ. मागल्या साली एकाची गेली, तो आजून माज्या नावानं बोंबलतो."

मी नाही म्हणू शकलो असतो. का म्हणालो नाही, हे अजून नीट सांगता येत नाही. ते ऐंशीच्या घरातले होते आणि उन्हातून चालत आले होते, एवढं कारण पुरेसं धरतो.

शुक्रवारी आळीतले कापडाचे लूम बंद असतात. एरवी आमच्या देवळात बोलायचं तर शेजारच्या शेडच्या खडखडाटावर आवाज चढवावा लागतो. त्या दुपारी तो नव्हता. आधीच्या माणसाने वीणा माझ्या गळ्यात घातली, आम्ही एकमेकांच्या पायांना हात लावला आणि तो जेवायला गेला. मंडपात दोन म्हाताऱ्या भिंतीला टेकून डुलक्या घेत होत्या. मी तारेवर बोट फिरवून 'जय जय रामकृष्णहरि' सुरू केलं.

बराच वेळ ते नुसतं म्हणणं होतं. मी समोर पाहत होतो. हार सकाळचेच होते, एका बाजूला घसरलेले. त्या संध्याकाळी मित्राने जिथून हात केला होता, त्याच जागी मी उभा होतो. मनात मी देवाला विचारलं, तू ऐकलं होतंस ना? तोंडाने नाव चालू होतं, कारण ते थांबवता येत नाही. पुन्हा विचारलं. मग कधीतरी लक्षात आलं की मी उत्तर मागतच नाही. त्याने ऐकलं होतं, याबद्दल मला शंका कधीच नव्हती. शंका असती तर इतकी वर्षं त्याच्यावर रागावलो नसतो. त्याने येऊन सांगावं, हा माझा हट्ट होता. सांगितलं असतं तर छापता आलं असतं. सांगितलं नाही तरी जे होतं ते होतंच, आणि ते जाणणारा समोर उभा होता. संपादकांच्या खोलीतून बाहेर पडल्यापासून, मी खरा आहे हे मी एकटाच धरून उभा आहे, असं मला वाटत आलं होतं. त्या दुपारी तसं वाटेनासं झालं. खांदे दुखत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. म्हाताऱ्या झोपलेल्या होत्या, ते बरं झालं. नाव आता म्हणावं लागत नव्हतं, ते आपणहून येत होतं.

पुढचा पहारा कोणाचा, हे मी आबांना विचारलं नव्हतं. पायरीवर चपला काढून मित्र आत आला. कपाळाला बुक्का लावून तो माझ्यासमोर उभा राहिला आणि वीणेसाठी हात पुढे केले.

मी मानेनेच नाही म्हटलं. नाव घेतच राहिलो. पुढचा पहाराही उभा राहीन, पण याच्या हातात वीणा देणार नाही, असं मी ठरवलं. त्याने हात खाली घेतले. तो गेला मात्र नाही. भिंतीशी बसून त्याने टाळ उचलले आणि माझ्या नावाला ताल धरला. त्याचा ताल आजही पक्का होता, हे नोंदवलं पाहिजे.

थोड्या वेळाने आबा आले. त्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय रं, दुसऱ्याचा पहारा खातंस व्हय?"

मी वीणेचा पट्टा घट्ट धरला.

"पाय दुकतान तुजे, दिसतंय. दे त्याला. तुज्या बापाची हाय का ती?"

एक म्हातारी जागी होऊन हसली. वीणा माझी नव्हती आणि समोरचा देवही माझा एकट्याचा नव्हता. इतकी वर्षं देव मित्राच्या हवाली करून मी घरी बसलो होतो. मी नाव न थांबवता पट्टा गळ्यातून काढला. मित्र उठून आला, त्याने मान पुढे केली. मी पट्टा त्याच्या गळ्यात घातला.

तो माझ्या पायांशी वाकला. वर येताना, मी वाकण्याआधी, हलकेच म्हणाला, "मागचं शटर आता उघडं असतं. चावी मी माझ्याकडे घेतली."

मी वाकलो. त्याच्या पायांना हात लावला. हा नमस्कार वीणेला असतो असं लहानपणी शिकवतात. पायांना हात लागला तेव्हा ते पाय त्याचेच होते, हेही खरं.

तो नाव घेऊ लागला. 'मी काही बोललो नव्हतो' हे त्याने ज्या आवाजात सांगितलं होतं, तोच हा आवाज. तेव्हाही स्वच्छ होता, आताही होता. आबा चपला बघायला पायरीवर गेले होते. म्हाताऱ्यांना काही ऐकू आलं नव्हतं. शटरचं वाक्य या वेळीही आम्ही तिघांनीच ऐकलं. उद्या कोणी विचारलं तर तो नाही म्हणेल, याची मला खात्री होती आणि आजही आहे. मी त्याला माफ केलं, असं लिहिता येणार नाही.

त्याने ठेवलेले टाळ मी उचलले आणि भिंतीशी, त्याच्या जागेवर बसलो. समोर त्याची पाठ होती आणि तिच्या वरून विठोबाचा मुकुट दिसत होता. मी मुकुटाकडे पाहून नाव घेत राहिलो.